कापसाच्या तांड्यावर गव्हाची सुट्टी

मी तांड्यावरच्या शाळेत रुजू झाले तेव्हा जून संपत आला होता आणि वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी अजून आलेली नव्हती. नागपंचमी झाली, राखी झाली, तरी यादी नाही. शेवटी आली तेव्हा तिच्या पहिल्या दोन ओळींत नागपंचमीची आणि राखीची सुट्टी जाहीर केलेली होती. ते दोन्ही दिवस मी शाळा उघडून बसले होते. पोरं आली नव्हती. पोरांना सण कळायला कागद लागत नाही.

ही १९५७ सालची गोष्ट. आदल्याच वर्षी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला होता. मी वीस वर्षांची, यवतमाळात वाढलेली, नुकतंच ट्रेनिंग संपवलेली. पुसदच्या अलीकडे, सडकेपासून दीड कोस आत, चाळीसेक घरांचा बंजाऱ्यांचा तांडा होता. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता ही माणसं एका जागी राहून कापूस आणि ज्वारी पिकवत होती. शाळा म्हणजे एक खोली, चार इयत्ता, एक फळा आणि एक बाई. तांड्याच्या नायकानं आपल्या घराला लागून असलेली खोली मला राहायला दिली होती. पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा म्हातारा. तांड्यात त्याचा शब्द चालायचा, आणि तो शब्द फार जपून खर्च करायचा.

यादीचा प्रवास मला लवकरच समजला. ती यवतमाळला शिक्षण कचेरीत तयार व्हायची, तिथून तालुक्याला जायची, तालुक्याहून बाजाराच्या गावातल्या मोठ्या शाळेत, आणि तिथून आमच्यासारख्या एकशिक्षकी शाळांकडे, बाजाराला आलेल्या कुणाच्या तरी पिशवीत मिरच्यांबरोबर. प्रत्येक मुक्कामावर ती कुणाच्या तरी टेबलावर विसावा घ्यायची. आमच्या हाती पडायची ती कार्बनची पाचवी नाहीतर सहावी प्रत. तीन आहे की आठ, हे बघायला कागद उन्हात धरावा लागायचा.

त्या वर्षी यादीत पोळा एक दिवस पुढे पडला होता. चूक कचेरीची, पंचांगाची की कार्बनची, देव जाणे. मी मात्र आज्ञाधारक. सकाळी शाळा उघडली, फळ्यावर सुविचार लिहिला आणि दारात उभी राहिले. समोरून नायक बैल धुऊन आणत होता.

"बाई, शाळा काहून उघडली आज?"

"यादीत पोळा उद्या आहे, नायक."

त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली. "सरकारचा पोळा उद्या असन. आमच्या बैलाइले वाचता येत नाई."

तो हसला नाही. मलाच हसू आलं, आणि हसत हसत मी दाराला कुलूप लावलं. कचेरीच्या मूर्खपणाचं तेव्हा मला हसू यायचं. दोन वर्षांनी येईनासं झालं.

यादीच्या तळाशी एक ओळ होती: कापणीची सुट्टी, होळीनंतर दोन आठवडे. शेतकऱ्यांच्या मुलांना आईबापांना हातभार लावता यावा म्हणून ही सुट्टी, असा खाली खुलासा होता. वाचायला किती छान! मी शहरात वाढलेली, मला त्यात काही खटकलं नाही. कापणी होळीनंतर होत असेल, मला काय माहीत. मला कळलं ते मार्गशीर्षात.

दिवाळीनंतर कापूस फुटायला लागला तसा वर्ग विरळ झाला, आणि मार्गशीर्ष लागल्यावर एके सकाळी खोलीत मी एकटीच. आयांच्या मागे वेचणीची ओटी बांधून पोरं पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या, ओळींत शिरलेली. कापूस कुणाची वाट बघत नाही. बोंड फुटलं की वेचावं लागतं, नाहीतर तो खाली पडून मातीत जातो. मागोमाग ज्वारी काढायला येते. अर्धा पौष सरेपर्यंत तांड्यावर म्हातारी माणसं आणि पाळण्यातली लेकरं, एवढीच राहायची.

मी घाबरून बाजाराच्या गावी मोठ्या शाळेच्या हेडमास्तरांकडे गेले. ते चार-पाच गावांच्या शाळांचे पालक म्हणवत. गोरे, स्वच्छ, सदरा कडक इस्त्रीचा. मी सांगितलं, पोरं येत नाहीत, काय करू?

"हजेरी भरा, बाई," ते म्हणाले.

"पोरं नसताना?"

"पोरं आहेत ना तांड्यावर? कुठे पळून गेली? हजेरीपट कोरा ठेवाल तर वर गोंधळ होतो. सगळेच भरतात."

मी भरली. हे लिहिताना मला आजही स्वतःची चीड येते, पण भरली. दीड महिना मी रोज सकाळी रिकाम्या खोलीत बसून गैरहजर पोरांच्या नावापुढे हजर लिहिलं. कचेरीच्या कागदात माझी शाळा गजबजलेली होती. मग वावरं रिकामी झाली, पोरं परत शाळेत यायला लागली. होळीनंतर ती नेहमीसारखी पाट्या घेऊन दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मी त्यांना सांगितलं, आता सुट्टी आहे, घरी जा. ती बघतच राहिली. मी कुलूप लावलं आणि यवतमाळला आईच्या हातचं जेवायला निघून गेले.

त्याच थंडीत, पौषात, एक परिपत्रक आलं होतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेनं स्थानिक पीकपाण्याचा विचार करून, ग्रामस्थांशी चर्चा करून, कापणीची सुट्टी कोणत्या काळात असावी याबद्दल आठ दिवसांत अभिप्राय कळवावा. परिपत्रक माझ्या हाती पडलं तेव्हा ते आठ दिवस होऊन गेले होते. पण मला वाटलं, उशीर झाला तरी विचारलं तर आहे! मी ते नायकाला वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं.

"सरकारनं आमाले इचारलं?"

"हो. तांड्याचं मत काय, असं विचारलंय."

"आमचं मत." त्यानं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "माह्या जनमात असं कोणी इचारलं नवतं, बाई."

बाजाराच्या दिवशी सकाळी, लोक बाजाराला निघण्याआधी, त्याच्या अंगणात बैठक भरली. नायकानं ठेवणीतलं पागोटं बांधलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. बाप्यांनी आधी नको तितका घोळ घातला. एक म्हणाला सुट्टी दिवाळीपासून द्या, एक म्हणाला पोळ्यापासून, एकाला वाटलं आपण मागू ती मिळणार, म्हणून त्यानं सहा महिने मागितले. मग तिसरीतल्या एका मुलीची आई उभी राहिली. ही बाई कुणाशी फारसं बोलायची नाही, पण मुलगी एक दिवस चुकली तर स्वतः येऊन कारण सांगायची.

"फागणात कापूस कुठी रायते?" ती म्हणाली. "फागणात लेकरू घरी ठेवून काय करू? गोट्या खेळवू? मार्गशीर्ष लागला का मले पोट्टी वावरात पायजे. दीड महिना. तेवढी सुट्टी द्या. मंग सालभर मी तिले एक दिस घरी ठेवणार नाई."

नायकानं सगळ्यांकडे पाहिलं. "सगळ्याइचं असंच हाय?"

असंच होतं. बायकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. श्रावणात त्यांची तीज असते, मुली टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, शेवटच्या दिवशी तो पाण्यात शिरवायला नेतात. त्या एका दिवसाची सुट्टी मिळाली तर बरं. मी तेही लिहिलं. मग नायकानं सगळ्यांच्या देखत शब्द दिला, की सरकारनं सुट्टी मार्गशीर्षात दिली तर तांड्यावरचं एकही लेकरू इतर दिवशी शाळा चुकवणार नाही. सगळ्यांनी शाळेच्या दौतीतल्या शाईनं अंगठे उठवले. बायकांनीही. कागद खालपासून वरपर्यंत निळा झाला. त्याहून सच्चा कागद त्या जिल्ह्यात त्या वर्षी दुसरा लिहिला गेला नसेल. मी तो स्वतः बाजाराच्या गावी नेऊन हेडमास्तरांच्या हाती दिला.

पुढच्या वर्षीची यादी आली ती पुन्हा राखीनंतर. वर नवीन वाक्य होतं: "सर्व शाळांचे अभिप्राय विचारात घेऊन ही यादी तयार करण्यात आली आहे." तळाशी जुनी ओळ: कापणीची सुट्टी, होळीनंतर दोन आठवडे. तीज नव्हती. ती होऊनही गेली होती.

नायक यादी ऐकून घेऊन म्हणाला, "आमचा कागद पोचलाच नसन."

मला ते ऐकवेना. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा कचेऱ्या उघडल्याबरोबर मी शिक्षण कचेरीत जाऊन उभी राहिले. यादी करणाऱ्या बाबूंचं टेबल खिडकीशी होतं. मोठा सभ्य माणूस. बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. अक्षर मोत्यासारखं. मी विचारलं, यादी कशी तयार होते? त्यांना आनंद झाला. इतकी वर्षं हे काम करत होते, कुणी विचारलं नव्हतं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "इकडे गेल्या वर्षीची यादी, तिकडे यंदाचं पंचांग. सणांच्या तारखा पुढेमागे सरकवायच्या. बाकी आहे तसं ठेवायचं."

"कापणीची सुट्टीही आहे तशीच?"

"ती तर फार जुनी आहे. आपला जिल्हा नागपूरकडे होता तेव्हापासून चालत आली आहे." त्यांनी कपाटातून एक जुनी फाईल काढली, पानं उलटली. वरच्या कुठल्याशा जिल्ह्यांसाठी, नर्मदेकाठच्या, ही सुट्टी ठरली होती. तिथे होळीनंतर गव्हाची कापणी असते. पुढे ती सगळ्या प्रांताच्या यादीत गेली आणि तिथेच राहिली. प्रांत गेला, राज्य गेलं, यादीतली ओळ राहिली.

"बाबूजी, ही गव्हाची सुट्टी आहे. आपल्याकडे गहू कुठे आहे?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गहू नाही? मग तुमच्या घरी पोळ्या कशाच्या करतात, बाई?"

आजही मला सांगता येत नाही की तो विनोद होता की नाही. मी विचारलं, मागच्या वर्षी अभिप्राय मागवले होते, त्यांचं काय झालं? त्यांनी तत्परतेनं गठ्ठाही काढून दाखवला. एकही कागद हरवलेला नव्हता. गावामागून गाव, शाळेमागून शाळा, सगळ्यांवर एकच वाक्य: "प्रचलित काळ योग्य आहे." कापूस पिकवणाऱ्या गावांच्या मास्तरांनी, ज्यांच्या खोल्या मार्गशीर्षात माझ्यासारख्याच ओस पडत होत्या त्यांनी, कुणाला न विचारता, अंगणात पाऊल न टाकता लिहून दिलं होतं की योग्य आहे. आमच्या बाजाराच्या गावाकडचे पाच कागद एकाच हाताचे होते. ते अक्षर मी ओळखलं. हेडमास्तरांनी सगळ्या शाळांच्या वतीनं स्वतःच उत्तरं दिली होती. त्यातला एक कागद माझ्या शाळेच्या नावाचा होता.

आणि त्याच्या खाली माझा, निळ्या अंगठ्यांचा.

"तुमच्या शाळेची दोन मतं आली," बाबू म्हणाले. "एक बाकीच्यांशी जुळतं, एक जुळत नाही. जुळणारं धरलं. आणि एवढे अंगठे कशाला, बाई? हे काय खरेदीखत आहे?"

समासात लाल शाईनं एक टीप होती. मी ती उतरवून घेतली नाही, गरजच नव्हती, अजून पाठ आहे: "तीज हा सण यादीत नसल्याने त्याच्या सुट्टीचा विचार करता येत नाही."

तांड्याकडे परतताना वाटेत हेडमास्तरांना गाठलं. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. "तुमचा त्रास वाचवला मी. तुम्ही नवीन, उगाच वेगळं मत देऊन नजरेत याल, म्हणून. तुमचा कागद हाती आला तेव्हा माझा गेला होता, मग तोही पुढे धाडला." अशा माणसाला काय बोलायचं? त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझ्यावर उपकार केले.

नायकाच्या अंगणात मी सगळं सांगितलं. गव्हाचं, बाबूंचं, दोन कागदांचं. तो ऐकत होता. त्यानं एकच विचारलं, "आमचे अंगठे पटले नाई त्याइले?"

मुलीची आई तिथेच उभी होती. मुलगी आता चौथीत आली होती. "त्याइचं राहू द्या," ती म्हणाली. "मी पोट्टीले मार्गशीर्षात वावरात नेईन, फागणात शाळेत धाडीन. तुमी काय करता ते तुमी पाहा, बाई."

मी पाहिलं. मी ठरवलं की या वर्षी हजेरीपटात जे आहे ते लिहायचं.

मार्गशीर्षात पोरं गेली. मी रोज शाळा उघडायची, नियमाप्रमाणे पूर्ण वेळ बसायची, आणि सगळ्या नावांपुढे गैरहजर लिहून घरी यायची. तीन आठवडे झाले असतील. एका दुपारी डिप्टी साहेब आले. शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे असंच म्हणायचे. सायकलवर ते, मागे दुसऱ्या सायकलवर त्यांचा डबा घेऊन चपराशी. खोलीत येऊन त्यांनी रिकाम्या बसकरपट्ट्या पाहिल्या, मला पाहिलं, आणि हजेरीपट मागितला. पान उघडलं आणि त्यांचा चेहरा असा झाला जसं पानात काही मेलेलं सापडलं आहे.

"हे काय आहे?"

"हजेरी आहे, साहेब. मुलं शेतात आहेत. कापूस वेचणी चालू आहे."

"ते मला दिसलं येताना. सगळीकडे चालू आहे. पण सगळीकडे हजेरी कोरी नाही." आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाई, थोडी समज ठेवा. निम्मी तरी दाखवायची."

त्यांना राग आला तो शाळा रिकामी होती म्हणून नव्हता. रिकाम्या शाळा ते रोज बघत होते आणि रोज त्यांवर सही करत होते. मी रिकामी असं लिहिलं, याचा राग होता.

त्यांनी नायकाला बोलावणं धाडलं. नायक वावरातून आला तसाच, हातापायांना पऱ्हाटीच्या काड्यांचे ओरखडे. साहेब खुर्चीवर, तो उभा.

"नायक, पोरांना शाळेत का पाठवत नाही?"

"धाडतो ना, साहेब. एवढे दिस सोडून सालभर धाडतो. आमी तसा कागद देलता सरकारले."

"कोणता कागद? हे बघा, सुट्टीची यादी सगळ्या जिल्ह्यासाठी एक असते. एका तांड्यासाठी बदलत नाही."

"पर साहेब," नायक म्हणाला, "कापूस बी सगळ्या जिल्ह्यात असते."

चपराशी खिडकीकडे बघायला लागला. साहेबांनी डबा उघडायला सांगितला. जेवण झाल्यावर त्यांनी शेरेबुकात लिहिलं: उपस्थिती शून्य. शिक्षिकेचा ग्रामस्थांवर प्रभाव नाही. शाळा चालू ठेवण्याबाबत विचार व्हावा. मग सायकलला टांग मारून ते निघून गेले, कापसाच्या वावरांच्या मधून.

अर्धा पौष सरला. पोरं आली, ज्या दिवशी येतील असं नायक म्हणाला होता त्याच दिवशी. मी मागचं भरून काढायला लागले. होळी जवळ आली. होळीचे चार-पाच दिवस तांड्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही, नाच आणि गाणी. यादीनं त्यासाठी एक दिवस दिला होता, तो तसाच उडून गेला. आणि मग कापणीची सुट्टी लागली, आणि मी शाळा उघडली.

ते दोन आठवडे माझ्या सगळ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. एकही मूल चुकलं नाही. नायक सकाळी दारात येऊन उभा राहायचा, मोजायचा नाही, नुसता बघायचा आणि जायचा. चौथीतली चार मुलं होती, त्यांना एप्रिलमध्ये बाजाराच्या गावी परीक्षेला बसायचं होतं. त्रैराशिकं, अपूर्णांक, पत्रलेखन, मी झडझडून करून घेतलं. मुलीची आई एकदा आली आणि मागच्या भिंतीला टेकून तासभर बसली. तिला लिहिलेलं काही वाचता येत नव्हतं. मुलगी फळ्यावर गणित करत होती ते बघत होती.

मूर्खासारखं मी कचेरीला पत्र लिहिलं. कळवलं की सुट्टी असूनही शाळा भरत आहे, उपस्थिती पूर्ण आहे, साहेबांनी येऊन पाहावं. मला वाटलं, आता तरी त्यांना दिसेल. या पत्राचं उत्तर मात्र विलक्षण वेगानं आलं. पोळ्याची तारीख कळवायला ज्यांना दोन महिने लागतात त्यांनी आठवड्यात मला कळवलं की मंजूर सुट्टीत शाळा भरवणं नियमाविरुद्ध आहे, त्या दिवसांची उपस्थिती धरता येत नाही, आणि आपण असं का केलं याचा खुलासा करावा.

म्हणजे मागच्या वर्षी जी पोरं शाळेत नव्हती ती धरली गेली होती, आणि या वर्षी जी समोर बसली होती ती धरता येत नव्हती.

खुलासा मी लिहिला. काय लिहिलं ते आठवत नाही, फार नम्र लिहिलं असावं. एप्रिलमध्ये चारही मुलं परीक्षेला बसली, चारही पास झाली. ती मुलगी केंद्रात पहिली आली. निकाल वाचताना हेडमास्तर दोनदा थांबले. मग मला म्हणाले, "बघा, शेवटी आमच्या मार्गदर्शनाचा उपयोग झाला." मी त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघत राहिले.

मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. मुकुटबन. जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. कारण लिहिलं नव्हतं. माझ्या जागी येणारे मास्तर, पुढे ऐकलं, मोठे हुशार निघाले. मार्गशीर्षात त्यांच्या शाळेची हजेरी कधी घसरली नाही आणि होळीनंतर ते नेमाने गावी जायचे. त्यांच्या शेरेबुकात चांगले शेरे आहेत म्हणे. शाळा त्यामुळे बंद पडायची राहिली, हेही खरं.

निघायच्या दिवशी नायकानं बैलगाडी जुंपून दिली. मुलीच्या आईनं एका फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि तिखट बांधून दिलं, मुलीला पुसदला पाचवीत घालायचं बघते म्हणाली. घातलं का, मला कधी कळलं नाही. मी विचारायला गेले नाही. मुकुटबनहून पुसद लांब होतं, आणि मला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, त्यातलं खरं कारण कोणतं ते मी अजून ठरवलेलं नाही.

गाडी हलायच्या वेळी नायक चाकाजवळ आला.

"बाई, नव्या मास्तराले एक सांगजा."

"काय सांगू, नायक?"

"आमाले काही इचारू नका म्हणा. सरकारले जे करायचं ते करा. पर इचारू नका."

तो रागानं बोलला नाही. एखाद्याला रस्ता सांगावा तसं सांगितलं, आणि बैलाच्या शेपटीला हात लावून गाडी पुढे काढून दिली.

मुकुटबनला शाळा मोठी होती, आम्ही पाच शिक्षक होतो, आणि वर्गात कोलामांची, गोंडांची, शेतकऱ्यांची मुलं होती. त्यांचीही पऱ्हाटी मार्गशीर्षातच फुटायची. मधल्या काळात राज्य पुन्हा बदललं, महाराष्ट्र झाला, शाळेत पेढे वाटले, कचेरीवरची पाटी नवी झाली. चार वर्षांत दोन राज्यं बदलली आणि होळीनंतरची गव्हाची सुट्टी जागची हलली नाही. मग एका थंडीत पुन्हा परिपत्रक आलं: अभिप्राय कळवावा. आठ दिवसांत. तिथल्या हेडमास्तरांनी ते माझ्याकडे दिलं, तुम्हाला यातलं कळतं म्हणून. मी तो कागद तीन दिवस ठेवला. कुणाच्या अंगणात गेले नाही. चौथ्या दिवशी मी लिहिलं, प्रचलित काळ योग्य आहे, आणि खाली हेडमास्तरांची सही घेतली. बाबूंना मी हसले होते, बाजाराच्या गावातल्या हेडमास्तरांवर थुंकले होते मनातल्या मनात. आता माझ्या अक्षरातलाही एक कागद त्या गठ्ठ्यात गेला, जुळणारा.

पुढे कचेऱ्यांची सगळी रचनाच बदलली, नवे लोक आले, आणि त्यांतल्या कुणीतरी एकदाची ती ओळ वाचली. त्या वर्षीच्या यादीत खाली टीप होती, की ग्रामीण भागातील पालकांकडून कापणीच्या सुट्टीचा उपयोग करून घेतला जात नसल्याचं आढळून आल्यानं ती रद्द करण्यात येत आहे. मार्गशीर्षात द्यावी असं कुणाला सुचलं नाही. शेतकऱ्यांना सुट्टी नको होती, असाच निष्कर्ष निघाला.

यादी मला वर्गात वाचून दाखवायची होती. मी सगळी वाचली, सणांमागून सण, आणि शेवटी ती टीपही. मागच्या ओळीतल्या एका मुलीनं हात वर केला.

"बाई, म्हंजे होळीनंतर शाळा आहे?"

"आहे."

"आन् वेचणीले?"

"तेव्हाही आहे."

तिनं मान हलवली, जणू तिला तेवढंच हवं होतं, आणि शेजारणीच्या कानात काहीतरी कोलामीत बोलली. दोघी हसल्या. मी विचारलं नाही काय म्हणाली. भूगोलाचं पुस्तक उघडायला सांगितलं.